शाळेने मुलाला ‘दाखला घेऊन जा’ सांगितले तर: हक्क, मोफत सरकारी मदत आणि तक्रार कशी करावी

कोणासाठी: बेंगळुरूतील शिवाजीनगर व आसपासच्या भागात राहणारे मराठी भाषक पालक, ज्यांच्या मुलावर किंवा मुलीवर शाळेने शिस्तभंगाची कारवाई केली आहे किंवा करणार असे सांगितले आहे.

थोडक्यात

- पहिली ते आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे.
- मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे या कायद्याने बंद आहे.
- समुपदेशन, मानसिक आरोग्य तपासणी, शाळा सुटलेल्या मुलाचे विशेष प्रशिक्षण आणि वकिलाची मदत यांसाठी सरकार निधी देते. तुम्हाला पैसे भरावे लागत नाहीत.
- ‘स्वेच्छेने दाखला घेत आहे’ अशा कागदावर घाईने सही करू नका. सही केली की शाळेच्या नोंदीत तुम्ही मुलाला स्वतःहून काढले असे दिसते.

ही माहिती कधी उपयोगी पडते?

समजा, तुमचा मुलगा सातवीत आहे. घरचा कर्ता माणूस कमर्शियल स्ट्रीटजवळ सोन्याचांदीच्या गलाईच्या कामावर आहे. कुटुंब दोन वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातून आले. मुलाला कन्नड नीट येत नाही, वर्गात तो मागे पडतो, चिडतो. एके दिवशी वर्गात मारामारी होते. शाळा तुम्हाला बोलावते आणि सांगते, “हा मुलगा आमच्याकडे जमणार नाही. दाखला देतो, दुसरीकडे बघा.”

बहुतेक पालक इथे हात जोडतात, माफी मागतात आणि शेवटी दाखला घेऊन घरी येतात. वर्षाच्या मध्यावर दुसरी शाळा मिळत नाही. मुलगा महिनाभर घरी बसतो, मग दुकानात मदतीला जाऊ लागतो. शाळा तिथेच सुटते.

हे टाळता येते. वरच्या उदाहरणात शाळेला दाखला हातात देऊन मुलाला घालवण्याचा अधिकारच नाही. आणि मूल आधीच बाहेर पडले असेल, तरी त्याला परत वर्गात बसवण्यासाठी सरकारी पैसा ठेवलेला आहे. दोन्ही गोष्टी पुढे सविस्तर दिल्या आहेत.

कायदा काय सांगतो?

*१. शाळेतून काढता येत नाही.* शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे पहिली ते आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात बदल झाला. पाचवी आणि आठवीच्या परीक्षेत मूल नापास झाले, तर त्याला दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची आणि तरीही ते पास झाले नाही तर त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे ठरवण्याची मुभा सरकारला मिळाली. पण शाळेतून काढण्याची बंदी बदललेली नाही. त्याच वर्गात ठेवणे वेगळे, शाळेबाहेर घालवणे वेगळे.

*आठवीबद्दल लक्षात ठेवा:* कर्नाटकात आठवीचा वर्ग पुष्कळदा हायस्कूलमध्ये भरतो. म्हणून काही ठिकाणी ‘हायस्कूलला हा नियम नाही’ असे सांगितले जाते. वर्ग कोणत्या इमारतीत भरतो याचा संबंध नाही. आठवीचे मूल या संरक्षणात येते.

*२. मार आणि मानसिक त्रास बंद.* कलम १७ नुसार कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. तसे करणाऱ्यावर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. छडी मारणे, कान पिळणे, उन्हात किंवा गुडघ्यावर उभे करणे हा मार झाला. सगळ्या वर्गासमोर जात, धर्म, भाषा, गरिबी किंवा आईवडिलांच्या कामावरून हिणवणे हा मानसिक त्रास झाला. ‘कन्नड येत नाही’ म्हणून मुलाची रोज थट्टा करणे हेही त्यातच येते.

याशिवाय बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीने त्याला मारहाण करून किंवा अन्य प्रकारे विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना दिल्या तर तो गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

*३. दाखला मागितला तर लगेच द्यायचा, पण माथी मारायचा नाही.* कलम ५ नुसार मूल शाळा बदलत असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हा हक्क शाळा बदलू इच्छिणाऱ्या मुलासाठी आहे. नकोशा मुलाला घालवण्याची वाट म्हणून तो वापरता येत नाही.

*४. वर्षाच्या मध्यावरही प्रवेश.* कलम १५ नुसार प्रवेशाची मुदत संपली तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते.

हा कायदा कोणत्या शाळांना लागू आहे?

सरकारी, महानगरपालिकेच्या, अनुदानित आणि विनाअनुदानित खासगी शाळांना वरील कलमे लागू आहेत.

शिवाजीनगर भागात अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा बऱ्याच आहेत, म्हणून एक अपवाद नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी प्रमती ट्रस्टच्या खटल्यात निकाल दिला, की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने या निकालावर शंका घेतली आणि मोठ्या पीठाने फेरविचार करावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले.

म्हणून अल्पसंख्याक शाळेविरुद्धच्या अर्जात फक्त कलम १६ वर विसंबू नका. मारहाण झाली असेल तर बाल न्याय कायद्याचा उल्लेख करा, तो सगळ्यांना लागू आहे. बाजू मांडण्याची संधी न देता कारवाई झाली असेल तर तेही लिहा. शिवाय मुलाला सरकारी शाळेत वर्षाच्या मध्यावर प्रवेश मिळण्याचा हक्क आहेच.

नववी ते बारावीच्या मुलांचे काय?

आठवीनंतर कलम १६ चे संरक्षण राहत नाही. तरीही शाळेने मनाला येईल तसे काढणे योग्य नाही. आरोप काय आहे ते लेखी मागा. मुलाला आणि तुम्हाला बाजू मांडू द्या, असे लेखी कळवा. शाळेच्या नियमावलीची प्रत मागा. शिक्षा नियमावलीत आहे का आणि चुकीच्या मानाने ती जास्त नाही ना, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुढे दिलेल्या पद्धतीने तक्रार करता येते. बाल हक्क संरक्षण आयोग १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तक्रारी घेतो.

सरकारी निधीतून कोणती मदत मिळते?

शिस्तभंगाच्या कारवाईत सापडलेल्या मुलांसाठी स्वतंत्र नावाची एकच योजना नाही. निधी वेगवेगळ्या योजनांतून येतो, त्यामुळे पालकांना तो सहज दिसत नाही. कोणती गरज कोणत्या योजनेतून भागते ते खाली दिले आहे.

*अ) शाळा सुटली असेल तर: विशेष प्रशिक्षण*

समग्र शिक्षा ही केंद्र आणि राज्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. कर्नाटकात तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा उचलते. शाळाबाह्य मुलाला वयानुसार योग्य वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायचा, यासाठी योजनेत विशेष प्रशिक्षणाची सोय आहे. दिवसा येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत आणि निवासी केंद्रातील मुलामागे वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत खर्चाची मर्यादा आहे. केंद्राच्या नमुना नियमांनुसार प्रशिक्षण किमान तीन महिने चालते आणि गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत वाढवता येते.

हे पैसे पालकांच्या हातात मिळत नाहीत. ते शिक्षक, साहित्य आणि केंद्रासाठी असतात. तुमच्याकडून मात्र एक रुपयाही घेतला जात नाही. प्रशिक्षण चालू असताना मूल १४ वर्षांचे झाले, तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिकण्याचा त्याचा हक्क राहतो.

*आ) वय १६ ते १९ असेल तर: मुक्त विद्यालय*

अनुसूचित जाती, जमाती व इतर वंचित गटांतील शाळाबाह्य मुलांना मुक्त शाळेतून शिक्षण पूर्ण करण्यासाठी समग्र शिक्षेत प्रत्येक इयत्तेमागे २,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था दहावीची परीक्षा मराठी माध्यमातूनही घेते. कन्नड माध्यमात अडलेल्या मुलासाठी हा चांगला मार्ग आहे. मात्र आठवीखालच्या मुलाला ‘मुक्त शाळेतून करा’ असे सांगून नियमित शाळेबाहेर घालवले जात असेल, तर ते मान्य करू नका.

*इ) वागणूक बिघडली असेल तर: समुपदेशन आणि तपासणी*

सतत चिडणे, मारामारी, वर्गात न बसणे, वाचता न येणे यामागे पुष्कळदा आजार, भीती किंवा अभ्यासातील अडचण असते. ऐकू कमी येणे आणि चष्म्याची गरज असणे ही साधी कारणेही असतात. शिक्षा करण्याआधी कारण शोधणे मुलाच्या हिताचे आहे. त्यासाठी:

- टेली-मानस, फोन १४४१६. चोवीस तास, मोफत. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि बेंगळुरूची निमहान्स संस्था तिची शिखर संस्था आहे.
- मनोदर्पण, फोन ८४४८४४०६३२. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची विद्यार्थ्यांसाठीची समुपदेशन सेवा, २०२० पासून.
- बाउरिंग व लेडी कर्झन रुग्णालय, शिवाजीनगर. सरकारी रुग्णालय आहे. बाह्यरुग्ण विभागात आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मानसोपचार विभागात दाखवा.
- निमहान्स, होसूर रस्ता. येथे मुले व किशोरांसाठी स्वतंत्र मानसोपचार विभाग आहे. रेशनकार्ड सोबत न्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना शुल्कात सवलत मिळते.

तपासणीत वाचन-लेखनाची अक्षमता किंवा दुसरे अपंगत्व आढळले, तर प्रमाणपत्र मागा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचन-लेखनाची अक्षमता अपंगत्वाच्या यादीत आहे. समग्र शिक्षेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे आणि अशा मुलींना महिना २०० रुपये विद्यावेतन आहे. प्रमाणपत्राची प्रत शाळेत दिली, की शाळेला ‘मूल मुद्दाम करते’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

*ई) घरची परिस्थिती कारण असेल तर: मिशन वात्सल्य*

विधवा किंवा नवऱ्याने सोडलेल्या आईची मुले, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले, आईवडील गंभीर आजारी असलेली मुले यांना मिशन वात्सल्य योजनेच्या प्रायोजकत्वातून महिना ४,००० रुपये मिळू शकतात. शहरी भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे. ग्रामीण भागात ही मर्यादा ७२,००० रुपये आहे. रक्कम बँक खात्यात जमा होते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा. मूल नियमित शाळेत जात असले पाहिजे ही अट आहे. म्हणूनही दाखला घेऊन मुलाला घरी बसवू नका.

*उ) मोफत वकील*

कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. वकिलाची फी सरकार देते. फोन १५१००. अर्ज मुलाच्या किंवा आईच्या नावाने केलात तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कन्नडमध्ये अर्ज लिहून हवा असेल तरी येथेच विचारा.

काय करावे? पायरीपायरीने

पायरी १: सही करण्याआधी थांबा. शाळेने कागद पुढे केला तर म्हणा, “घरी वाचून दोन दिवसांत उत्तर देतो.” कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर तसे सांगा आणि प्रत मागा. फोटो काढून ठेवा.

पायरी २: मुलाला रोज शाळेत पाठवा. ‘उद्यापासून येऊ नको’ असे तोंडी सांगितले असेल तरी मुलाला घेऊन गेटपर्यंत जा. आत घेतले नाही तर तारीख, वेळ आणि कोणी अडवले ते वहीत लिहा. नाहीतर पुढे ‘मूल स्वतःच गैरहजर होते’ असे उत्तर मिळते.

पायरी ३: मुलाकडून सगळे ऐकून घ्या. चूक मुलाची असू शकते. तसे असेल तर शाळेला ते मोकळेपणाने सांगा आणि सुधारणेसाठी काय करणार तेही सांगा: समुपदेशन, तपासणी, दर आठवड्याला वर्गशिक्षकांची भेट. कायदा मुलाची चूक झाकायला सांगत नाही. चुकीसाठी त्याची शाळा बंद करू नका, एवढेच सांगतो.

पायरी ४: मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. दोन प्रती करा. एकीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. सरकारी शाळा असेल तर एक प्रत शाळा विकास व देखरेख समितीला द्या. शाळेत ती ‘एसडीएमसी’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पालकच बहुसंख्य असतात.

पायरी ५: गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. आठवड्यात उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकारी (बीईओ) कार्यालयात तक्रार द्या. तुमची शाळा कोणत्या गटात येते ते शाळेत किंवा जवळच्या सरकारी शाळेत विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार तक्रारीवर दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय झाला पाहिजे. अर्जात ‘कलम ३२ खाली तक्रार’ असे शब्द लिहा. तीन महिने मूल घरी राहू नये म्हणून ‘निर्णय होईपर्यंत मुलाला वर्गात बसू द्यावे’ ही मागणीही लिहा.

पायरी ६: आयोगाकडे जा. निर्णय मान्य नसेल, किंवा मारहाणीसारखे गंभीर प्रकरण असेल, तर कर्नाटक राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे लेखी तक्रार करा. मुलाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर कोणत्याही पायरीची वाट न पाहता १०९८ वर फोन करा.

कोणती कागदपत्रे ठेवावीत?

- मुलाचे शाळेचे ओळखपत्र, प्रगतिपुस्तक, फीच्या पावत्या
- मुलाचा एसएटीएस क्रमांक. कर्नाटकात प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद या क्रमांकाने होते. शाळा बदलताना तो लागतो
- शाळेच्या डायरीतील शेरे, नोटिसा, व्हॉट्सॲपवर आलेले संदेश
- मारहाण झाली असेल तर त्याच दिवशीचा सरकारी दवाखान्याचा कागद आणि जखमेचे फोटो
- रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुकाची प्रत (प्रायोजकत्वासाठी)
- महाराष्ट्रातून आला असाल तर जुन्या शाळेचा दाखला. नसला तरी प्रवेश अडत नाही

मूळ कागद कोणालाही देऊ नका. प्रती द्या.

अर्जाचा नमुना

अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिलेला बरा. तुम्हाला मजकूर समजावा म्हणून नमुना मराठीत दिला आहे.

> प्रति, मुख्याध्यापक, (शाळेचे नाव)
>
> विषय: माझ्या मुलाला शाळेत बसू देण्याबाबत
>
> माझा मुलगा (नाव), इयत्ता सातवी, एसएटीएस क्रमांक (…), याला दिनांक (…) पासून वर्गात बसू दिले जात नाही. मला त्याचा दाखला घेऊन जाण्यास तोंडी सांगण्यात आले आहे. मी दाखल्यासाठी अर्ज केलेला नाही आणि मला दाखला नको आहे.
>
> शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याच्यावरील आरोप मला लेखी द्यावेत आणि आम्हाला बाजू मांडण्याची संधी द्यावी. मुलाच्या वागणुकीत सुधारणा व्हावी म्हणून मी त्याला समुपदेशनासाठी नेत आहे. शाळेनेही सहकार्य करावे.
>
> त्याला उद्यापासून वर्गात बसू द्यावे, ही विनंती.
>
> पालकाची सही, दिनांक, फोन

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी आधीच दाखल्यावर सही केली आहे. आता काही होईल का?
होईल. कोणत्या परिस्थितीत सही घेतली ते लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. त्याच वेळी जवळच्या सरकारी शाळेत प्रवेश मागा. तक्रार चालू असताना मुलाने घरी बसण्याची गरज नाही. नव्या शाळेत प्रवेश घेतल्याने तक्रारीचा हक्क जात नाही.

सरकारी शाळेत गेले तर कन्नड माध्यमच घ्यावे लागेल का?
शिवाजीनगर भागात कन्नडबरोबर उर्दू, तमिळ आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांची परंपरा आहे. कोणत्या सरकारी शाळेत कोणत्या माध्यमाचे वर्ग आणि जागा आहेत, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. पहिली ते आठवी फी नसते. पाठ्यपुस्तके, गणवेश आणि दुपारचे जेवण मोफत मिळते. कन्नड कच्चे असेल तर प्रवेश घेतानाच जादा मदत मागा.

फी थकली आहे म्हणून दाखला अडवला आहे. काय करावे?
दाखला नसला तरी पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी शाळेत प्रवेश द्यावाच लागतो. आधी प्रवेश घ्या. दाखल्यासाठी वेगळी तक्रार करा.

शाळेने पोलिसांना बोलावले आहे. मुलाला अटक होईल का?
१८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १० मध्ये तसे लिहिले आहे. विशेष बाल पोलीस पथकामार्फत मुलाला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर नेले जाते. लगेच १५१०० वर फोन करून मोफत वकील मागा. वकील येण्याआधी मुलाकडून काही लिहून घेऊ देऊ नका.

मूल आता दुकानात कामाला जाते. शाळेत परत घेतील का?
घेतील. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने बंद आहे. घरच्या धंद्यात मदत चालते, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीतच, आणि काम धोक्याचे नसेल तरच. भट्टी आणि आम्ल असलेल्या ठिकाणी मुलाला बसवू नका. विशेष प्रशिक्षणासाठी जवळच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा.

तक्रार केल्यावर शाळा मुलावर राग काढेल अशी भीती वाटते.
ही भीती खरी आहे. म्हणून तक्रार लेखी ठेवा, पोच घ्या आणि ‘तक्रारीमुळे मुलाला त्रास होऊ नये याची काळजी घ्यावी’ असे एक वाक्य अर्जात घाला. त्यानंतर काही घडले तर तारखेसह लगेच कळवा. शक्य असेल तर दोन-तीन पालक मिळून जा.

एक माणूस ‘परत प्रवेश करून देतो, पाच हजार द्या’ म्हणतो.
देऊ नका. प्रवेश, तक्रार, समुपदेशन फोन, विशेष प्रशिक्षण आणि सरकारी वकील यांपैकी कशालाही दलाल लागत नाही. पैसे मागितले तर १९०२ या कर्नाटक सरकारच्या तक्रार निवारण क्रमांकावर कळवा.

महत्त्वाचे फोन क्रमांक

- १०९८: बालकांसाठी मदत, चोवीस तास
- १४४१६: टेली-मानस, मानसिक आरोग्य
- ८४४८४४०६३२: मनोदर्पण, विद्यार्थी समुपदेशन
- १५१००: मोफत कायदेशीर मदत
- १९०२: कर्नाटक सरकार, सार्वजनिक तक्रार
- ११२: तातडीची पोलीस मदत

आजच काय करावे? शाळेने तोंडी सांगितले असेल तर आजच वरचा अर्ज लिहा आणि उद्या सकाळी मुलाला सोबत घेऊन शाळेत द्या. मूल आधीच घरी बसले असेल तर उद्या जवळच्या सरकारी शाळेत प्रवेश मागा. अभ्यासाचा जितका खंड कमी, तितके मूल वर्गात लवकर रुळते.